न लिहिलेल्या वाटेवर दोन मोटरींची सायकल

माझ्याकडे दोन मोटरींची बॅटरीवर चालणारी सायकल आहे आणि तिच्यातला निम्मा भाग मी स्वतः घडवला आहे. हे वाक्य लिहिताना होणारा आनंद मी लपवणार नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात मी पुष्कळ कागद लिहिले. हाताने पूर्णत्वास नेलेली वस्तू मात्र ही एकच. गेल्या आश्विनात तिच्यावर बसून मी वाशीमहून निघालो, आसेगावी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मानोऱ्याच्या बाजूच्या डोंगरातील एका तांड्यावर चढलो. तांड्याचे नाव येथे देत नाही. त्याच्याविषयी मी पूर्वी एकदा लिहिले होते आणि त्या लेखनाने तेथील माणसांचे नुकसानच झाले.

सव्वीस वर्षांपूर्वी कोणत्या वस्त्यांना वीज द्यावी याची पाहणी करण्याचे काम माझ्याकडे होते. पौषातल्या एका दुपारी मी त्या टेकडीच्या पायथ्याशी जीपमधून उतरलो, मान वर केली, एकाही चुलीचा धूर दिसला नाही, आणि नमुन्यात लिहिले, ‘वस्ती कायमस्वरूपी नाही. वर जाण्यास वाट नाही.’ सोबत किसनराव नावाचे लाइनमन होते. ते म्हणाले होते, “साहेब, वाट आहे. चाला, मी दाखवतो.” मला आणखी दोन गावे उरकायची होती. मी गेलो नाही. त्या दोन ओळींमुळे तांड्यावर वीज पोहोचायला पुढे नऊ वर्षे लागली. हे मला नोकरीत असतानाच कळले होते. वर जाऊन तसे सांगण्याचे धैर्य मात्र निवृत्तीनंतर आले, आणि तोवर माझ्या गुडघ्यांनी चढ चढण्याचे नाकारले होते. सायकलीचा उगम हा असा आहे.

वाशीम : तयारी

मूळ सायकल जाड टायरची, गिअरची आणि मागच्या चाकात एक मोटर असलेली होती. सपाट डांबरी रस्त्यावर ती उत्तम चाले. चढावर मुरमात मात्र मागचे चाक जागीच फिरे आणि पुढचे निमूट उभे राही. म्हणून पुढच्या चाकातही मोटर बसवायचे ठरवले. पुढचे चाक धरणारा चिमटा हलक्या धातूचा होता. मोटरीच्या जोराने तो तडकेल, या भीतीने मी तो काढून पोलादी बसवला. मोटरीचा आस चिमट्यातून फिरून निसटू नये म्हणून आमच्या वेल्डरने, रफिकभाईंनी, जाड पोलादी पट्टीची पकड करून दिली. वायरींचे सांधे मी जुन्या ट्यूबच्या रबरात ग्रीस भरून गुंडाळले. तीस वर्षे खांबांवरचे सांधे पाहिलेल्या माणसाला पाण्याची वाट ठाऊक असते.

माझी पत्नी सुमन हे सारे ओट्यावरून पाहत असे.

“दोन मोटरी कायले लागते?” ती एकदा म्हणाली. “एका नवऱ्याले मी एकटी ओढून राह्यली ना तीस वर्षांपासून.”

पहिल्या खेपेस मी दोन्ही मोटरी एकाच कळीला जोडल्या. ती चूक शिरपूर जैनजवळच्या एका खडकाळ उतारावर उघडी पडली. वळणात पुढचे चाक मागच्याइतक्याच जोराने ओढू लागले, मुरमात घसरले आणि मी कोपरावर पडलो. मंदिराकडे चाललेल्या यात्रेकरूंनी मला उचलले, पाणी पाजले आणि सायकलीचीच अधिक आस्थेने विचारपूस केली. घरी येऊन मी पुढच्या मोटरीला वेगळी कळ दिली आणि तिचा जोर मागचीच्या निम्म्यावर आणला. सपाटीवर मागची एकटी. चढ आला की अंगठ्याने पुढची जागी करायची. ही रचना मी कुठे वाचली नाही. कोपर सोलून शिकलो, आणि तिचा मला अभिमान आहे.

एवढ्यात आसेगावहून किसनरावांचा फोन आला. तेही आता निवृत्त आहेत. म्हणाले, “साहेब, येता त दसऱ्याच्या आत या. दसरा झाला का तांडा ऊसतोडीले जाते. मंग तुमी कोणाले सांगसान? कुलपाले?”

वाशीम ते आसेगाव

सकाळी निघालो. दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळे पडले होते. काही शेतांत सोंगणी चालू होती आणि मळणीयंत्रांचा भुसा रस्त्यावर उडत होता. तूर मात्र अजून हिरवीगार उभी होती. गाडीच्या काचेतून तीस वर्षे पाहिलेला हा मुलूख सायकलीवरून वेगळा दिसतो. माणसे हाक मारतात. सोंगणीवरच्या बायकांनी मला दोनदा थांबवून विचारले की हिच्यात पेट्रोल कुठून टाकतात.

डांबरी रस्ता सोडून शेतरस्त्याने जाण्याचा मोह मला आवरला नाही. रात्री पाऊस झाला होता. शंभर पावलांत काळी माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी ठासून भरली की पुढचे चाक जाम झाले. मोटर गुणगुणत होती, चाक हलत नव्हते. मी घाबरून दोन्ही कळा बंद केल्या. बांधावर बसलेला एक शेतकरी बराच वेळ शांतपणे पाहत होता. शेवटी तो उठून आला.

“कुठचे तुमी?”

“वाशीमचा.”

“वाशीमचे हा अन् काळ्या मातीत मडगार्ड लावून आले?” तो मनापासून हसला. “मले वाटलं पुण्याचे असान.”

त्याने पळसाची काडी तोडून माती उकरली, मी पाना काढून दोन्ही मडगार्ड सोडवले. ते घेऊन जायला जागा नव्हती, तेव्हा ते त्यालाच दिले. कोंबड्यांना पाणी ठेवायला बरे, असे तो म्हणाला. इतकी वर्षे याच मातीत नोकरी केली आणि तिच्याविषयी एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. कारण मी तिच्यात कधी उतरलोच नव्हतो.

आसेगावी पोहोचलो तेव्हा कमरेपर्यंत चिखल होता. किसनराव दारातच उभे होते.

“मले वाटलं साहेब जीप घेऊन येईन. हे त नांगर घेऊन आले,” ते म्हणाले आणि स्वतः बादलीभर पाणी आणून त्यांनी आधी सायकल धुतली, मग मला मोरी दाखवली.

जेवायला आंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या आणि वरून लसणाची कडकडीत फोडणी होती. आमच्या घरीही हा बेत होतो, पण सुमन त्यात तेलाला हात आखडता घेते. येथे आखडता हात कशालाच नव्हता. जेवताना मी किसनरावांना विचारले, “तुम्हाला माझा राग आला नाही का हो त्या दिवशी?”

ते घास थांबवून म्हणाले, “आला होता. पण साहेबावर राग करून लाइनमन कुठी जाईन? मी दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून एकटाच वर जाऊन आलो. पाह्यलं का घरं आहेत का नाई. सतरा होती.”

“मला सांगितलं का नाही?”

“सांगतलं होतं. तुमी म्हणले, फॉर्म गेला.”

मला ते आठवत नव्हते. विसरणेही मला सोयीचे झाले असावे. सायकलीचा चार्जर त्यांच्या देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीखाली लावला होता आणि त्याचा लाल दिवा समईसारखा जळत होता.

चढ

पायथा ओळखायला वेळ लागला नाही. पळसाचे तेच झाड, तोच नाला, आणि टेकडीच्या कुशीतून वर जाणारी, कुसळीच्या गवतात अर्धी लपलेली पायवाट. किसनरावांनी मुलाच्या मोटारसायकलवरून येथवर सोबत केली. त्यांच्या मोटारसायकलची वाट येथे संपत होती.

“आता पाहू तुमच्या दोन मोटरी,” ते दगडावर बसत म्हणाले. “अर्ध्यातून परत आले त मी काही हसणार नाई. गावात सांगन फक्त.”

नाल्यातून पाय न टेकता पार झालो. पहिली शंभर पावले मागच्या मोटरीवर गेली. मग चढ उभा झाला, मुरूम सुटा झाला आणि मागचे चाक पूर्वीसारखेच कुरकुरू लागले. मी अंगठ्याने पुढची कळ दाबली. सायकलीने क्षणभर श्वास घेतल्यासारखे केले आणि पुढचे चाक वाटेला धरून वर निघाले. मागून ढकलणारी एक आणि पुढून हात देणारी एक, अशा दोघींच्या मध्ये मी बसलो होतो. सालईच्या मुळांवरून, वाहून गेलेल्या चरांवरून, एका जागी तर जवळजवळ पायऱ्यांसारख्या खडकावरून ती चढली. तेथे मात्र मी पॅडलही मारले. न मारता चढलो असे लिहिणे खोटे ठरेल, आणि खोटे लिहिण्याचा माझा कोटा संपला आहे. वर पोहोचलो तेव्हा खाली किसनराव दगडावर उभे राहून उपरणे हलवत होते. मी मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो ते ठाऊक नाही. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात बोललेला नाही.

घड्याळ पाहिले. वर यायला सतरा मिनिटे लागली होती.

तांडा

वर पहिलीच खोली पिठाच्या चक्कीची होती. चक्की चालवणाऱ्या शेवंताबाई साठीच्या असतील. केस, भुवया, पापण्या पिठाने पांढऱ्या. त्यांनी चक्की बंद केली, सायकलीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “दोन मोटरी हायेत काय इच्यात?”

वाशीमपासून भेटलेल्यांपैकी हे आपणहून ओळखणाऱ्या त्या पहिल्याच. मी म्हणालो, “तुम्ही कसं ओळखलं?”

“चक्कीची मोटर मीच खोलतो भाऊ. दोन डाव जळली, दोन डाव बांधून आणली. आवाज समजते.”

बॅटरी निम्म्याखाली गेली होती. त्यांनी न विचारता चक्कीजवळच्या सॉकेटकडे बोट दाखवले. मी चार्जर लावला. गुळाचा बिनदुधाचा चहा आला, बाजरीच्या भाकरीवर ठेचा आला. त्यांचे दीर उत्तमराव आणि आणखी चार-पाच माणसे येऊन बसली. माझ्या सायकलीची स्तुती झाली आणि मी ती ऐकून घेतली; थोडा जास्तच वेळ ऐकून घेतली. मग भाकरी संपली आणि पुढे ढकलायला काही उरले नाही.

मी सारे सांगितले. पळसाचे झाड, जीप, धूर, दोन ओळी.

उत्तमराव उठले, सॉकेटपाशी गेले आणि त्यांनी चार्जरची पिन उपटून जमिनीवर ठेवली. फेकली नाही, ठेवली. मग भिंतीला टेकून उभे राहिले.

“थे तुमी व्हय?” शेवंताबाई म्हणाल्या. “आमाले वाटे कोणी लय मोठा साहेब असन.”

“मीच.”

“कायले लिहिलं तसं?”

“धूर दिसला नाही.”

“पौषात धूर कुठून दिसन भाऊ?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, मुलाला हिशेब चुकल्यावर सांगावे तसा तो आवाज होता. “आमच्या चुली आमच्यासंगं ऊस तोडाले गेलत्या. माही सासू होती ना वर. पण थे दिवसातून एक डाव चूल पेटवे, सकाळी. तुमी दुपारी आले.” पिठाचा हात पदराला पुसून त्या पुढे म्हणाल्या, “नऊ वर्षं मी दळण डोक्यावर घेऊन उतरली अन् चढली. ज्या वाटेनं तुमची सायकल आली ना, त्याच वाटेनं. जे वाट नव्हती.”

मी मान खाली घातली. क्षमा मागितली. शब्द अगदी अपुरे होते, म्हणून ते येथे उतरवत नाही.

शेवंताबाई दिराकडे वळल्या. “लाव थे पिन परत. लिहिलं यानं. सायकलनं काही लिहिलं नाई.”

कोणीतरी हसले. उत्तमराव हसले नाहीत, पण त्यांनी पिन लावली. चक्कीच्या बटणाजवळ लाल दिवा पुन्हा उजळला. मग तेच म्हणाले, “क्षमा ठेवा तुमच्यापाशी. आमचं एक काम करा. हिवाळ्यात रस्त्याची पाहणी येऊन राह्यली, असं ग्रामपंचायतीत सांगतलं. तवा आमी इथं नसू. आता म्हाताऱ्याही संगंच येतात. सगळ्या दाराले कुलूप राहीन. थो नवा साहेबही पायथ्यावरून पाहीन अन् तुमच्यावाणी लिहून देईन.”

“पाहणीच्या दिवसापुरतं कोणी थांबू शकत नाही?”

“नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयता अर्धा थांबते काय? जोडी फुटली का मुकादम कामावरच घेत नाई.”

शेवंताबाईंनी मध्येच विचारले, “तुमचं अक्षर कसं आहे?”

“बरं आहे.”

“साहेबी आहे का?”

मी हो म्हणालो.

“मंग दारावर लिहा. साहेबाले साहेबाचंच अक्षर समजते.”

पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला तांबडा रंग आला, कुंचला आला. पहिल्या दारापाशी उभा राहून मी सवयीने मजकूर म्हणून दाखवला, “सदर घर कायमस्वरूपी वास्तव्याचे असून त्यातील रहिवासी हंगामी कामानिमित्त...”

“थोडं कमी करा,” शेवंताबाई म्हणाल्या. “दार लहान आहे.”

शेवटी त्यांनी सांगितला तोच मजकूर ठरला. ‘हे घर चालू आहे. ऊस तोडाले गेलो. होळीले येतो.’ मी ‘तोडायला’ लिहू लागलो, तेव्हा त्यांनी घर आपले असल्याची आठवण करून दिली. त्याखाली घरातल्या माणसांची नावे, बायकांची आधी.

वाशीमला आमच्या गल्लीत कोणी गावाला निघाले की ओसरीतला दिवा लावून ठेवतात, घरात माणूस आहे असे वाटावे म्हणून. येथे मी दारोदार गैरहजेरी जाहीर करीत चाललो होतो. न राहवून म्हणालो, “बाई, हे वाचून चोर आले तर?”

“चोर कायले एवढा चढ चढन?” त्या म्हणाल्या. “साहेब नाई चढला.”

सतरा घरांची आता तेवीस झाली आहेत. तेवीस दारे लिहून होईपर्यंत चार तास गेले आणि चार्जरचा दिवा हिरवा झाला. शेवटचे दार उत्तमरावांचे होते. ते स्वतः रंगाचा डबा धरून उभे राहिले आणि म्हणाले, “‘चालू’वरचं टिंब... नाई, टिंब नसते ना तिथं? बरं. मोठं लिहा.”

पुन्हा पायथा

प्रवासवर्णन येथे संपायला हवे होते. पण परत आल्यावर माझ्या मनाला एक गोष्ट खात राहिली. दारावरचा मजकूर वाचायला आधी दारापर्यंत यावे लागते.

म्हणून मी सायकलीला मागची बैठक करायला घेतली. रफिकभाईंनी मागच्या चौकटीला दोन आडव्या नळ्या जोडल्या, पाय ठेवायला खुंट्या दिल्या. मागचा ब्रेक मी मोठा बसवला आणि पुढच्या मोटरीचा जोर निम्म्यावरून पाऊण केला. आता दोघांचे वजन असणार होते, आणि मागची एकटी ते ओढू शकली नसती. चाचणीसाठी साठ किलोचे पोते बांधणार, तोच सुमन पदर खोचून आली. “पोतं काय बोंबलते का पडलं तर? मी बसतो.” शिरपूरच्या त्याच उतारावर, जेथे मी पडलो होतो, तिला घेऊन मी चढलो. वर पोहोचल्यावर ती एवढेच म्हणाली, “बरं झालं बाप्पा, दोन लावल्या.” तीस वर्षांतली ही माझी सर्वांत मोठी पदोन्नती आहे.

पौषात किसनरावांचा फोन आला, पाहणीचा दिवस ठरला होता. दोन दिवसांनी मी पळसाच्या झाडाखाली उभा होतो. दुपारी जीप आली. तिच्यातून एक तिशीचा, सभ्य, थकलेला अभियंता उतरला. हातात कागद होते. त्याने मान वर केली, डोळ्यांवर हात धरला आणि स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “वर धूरबीर काही दिसत नाही. लोक राहतात का हो इथे?”

मला त्याचा राग आला नाही. त्याला आणखी किती गावे उरकायची असतील, हे मला त्याच्यापेक्षा अधिक ठाऊक होते. मी रुमालाने मागच्या बैठकीवरची धूळ पुसली.

“बसा साहेब. सतरा मिनिटं लागतात.”

तो दोन मोटरींकडे, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून संकोचला, पण बसला. नाला ओलांडला. मुरूम लागला. मी पुढची कळ दाबली आणि दोघांना घेऊन सायकल चढू लागली. तिचा आवाज थोडा जड झाला, पण तुटला नाही. खडकाच्या पायऱ्यांवर त्याने माझा खांदा घट्ट धरला. वरच्या वळणावर, जेथून पहिल्या दारावरची तांबडी अक्षरे दिसू लागतात, तेथे त्याने मागून विचारले, “काका, ही वाट नवीन झाली का? जुन्या कागदांत तर वाट नाही असं लिहिलंय.”

“वाट होती,” मी म्हणालो. “मी लिहिली नव्हती.”